पेनड्राइव्ह उघडत नाही? आधी ‘फॉरमॅट’वरचा हात काढा

नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून देण्याचं काम आहे. लग्नसराईत पत्रिकेचा मजकूर, फोटो घेऊन माणसं येतात आणि दोन दिवसांआड एखादा पेनड्राइव्ह उघडतच नाही. मग ठरलेलं वाक्य येतं, “दादा, फॉरमॅट मारून द्या ना, चालू होते.” फॉरमॅट म्हणजे पेनड्राइव्ह नव्याने कोरा करणं. हा सल्ला कोण देतं माहीत नाही, पण ऐकला की डोकं तापतं. नवा पेनड्राइव्ह सीताबर्डीवर कधीही मिळेल, आतले मुंजीचे फोटो कुठे मिळणार?

सुरुवात पोर्टपासून, म्हणजे पेनड्राइव्ह खुपसायच्या खाचेपासून करा. सीपीयूच्या पुढचे पोर्ट एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती वायर सैल झाली की दोष पेनड्राइव्हचा वाटतो. मागचे पोर्ट थेट बोर्डावरचे असतात, तिथे लावा. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक करणारी पट्टी) असेल तर काढा. टोकात खिशातले धागे अडकले असतील तर कोरड्या ब्रशने झाडा. तरीही नाही दिसला तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथे चालला म्हणजे दोष तुमच्या मशीनमध्ये आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, पेनड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा, पेनड्राइव्ह काढा, मशीन रीस्टार्ट करून पुन्हा लावा.

खरी परीक्षा यापुढे आहे. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि खालच्या अर्ध्या भागात ‘रिमूव्हेबल’ लिहिलेली ओळ शोधा. तिथे काय दिसतं, यावरच पुढचं सगळं ठरतं.

भाग ‘हेल्दी’ आहे पण पुढे ई, एफ असं अक्षर नाही, तर काहीही बिघडलेलं नाही. राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या, काम झालं. ऑफिसच्या मशीनवर हे फार होतं, कारण तिथे नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर आधी अडवलेलं असतं.

‘रॉ’ दिसलं तर मात्र जपून. म्हणजे आतला माल बहुधा जागेवर आहे, पण तो कुठे ठेवलाय याची नोंदवही फाटली आहे. अशा वेळी विंडोज स्वतःच ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारतं. कॅन्सल करा. मी एकदा ‘हो’ म्हटलं होतं. बहिणीच्या मुलीच्या बारशाचे फोटो होते. फॉरमॅट झाला, ड्राइव्ह छान चालू झाला, म्हणून मी त्यावर पत्रिकांच्या फाइली टाकल्या. नंतर फोटो परत काढायला बसलो. काही फोटोंत बाळाचं टोपडं दिसत होतं आणि त्याखाली नुसती करडी पट्टी. मी केला तो क्विक फॉरमॅट होता. त्याने फक्त नोंदवही कोरी होते, फोटो खालीच असतात. ते पुसले मी वरून टाकलेल्या फाइलींनी. आणि ‘क्विक’ची खूण काढून केलेला फॉरमॅट तर विंडोज विस्टापासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये सगळीकडे शून्यं लिहितो. मग काहीच उरत नाही.

म्हणून रॉ ड्राइव्हवर काहीही लिहू नका. दुरुस्तीची कमांडही चालवू नका. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, पेनड्राइव्ह निवडा आणि सापडलेल्या फाइली कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरच उतरवा. त्याच पेनड्राइव्हवर उतरवल्या तर उरलेल्याही जातील. फाइलींची मूळ नावं परत येत नाहीत, ओळखत बसावं लागतं. बसा. ३२ जीबीच्या ड्राइव्हला वेळ लागतो, मध्येच उपटू नका.

‘नो मीडिया’ आलं, किंवा ती ओळच नाही, तर बहुधा कंट्रोलर चिपचा (पेनड्राइव्हचा कारभार पाहणारी चिप) आतल्या मेमरीशी संबंध तुटलाय किंवा टोकाचा टाका सुटलाय. इथे कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडेच द्या. टोक वाकवून, दाबून धरून पाहणारे लोक उरलेला टाकाही तोडतात.

फोटोरेकने उतरवलेल्या दहा-बारा फाइली उघडून पाहा, पूर्ण दिसल्या तरच फॉरमॅट करा. फॉरमॅट करताना फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत निवडावी लागते. एफएटी३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, म्हणून लग्नाच्या व्हिडिओसाठी एक्सएफएटी निवडा. फॉरमॅटनंतरही तो पुन्हा रॉ झाला, तर त्या पेनड्राइव्हवर परत काही ठेवू नका.