लहान शिकारीसाठी बाणाची बोथट टोके घरी कशी बनवावीत

ससा, खार किंवा तितर यांच्यासारख्या लहान शिकारीवर टोकदार बाण सोडला, तर तो बहुधा आरपार निघून जातो. जखमी जनावर झुडपात शिरते आणि बाण गवताच्या मुळांखाली सापासारखा सरकत जाऊन दिसेनासा होतो. बोथट टोकाने या दोन्ही अडचणी एकदम सुटतात. ते शिरण्याऐवजी आघात करते आणि जमिनीवर आपटल्यावर बाणाला पुढे सरकू देत नाही. हे टोक विकत घेण्याची गरज नसते. घरी बनवताना मात्र कौशल्यापेक्षा वजनाच्या काटेकोरपणाची गरज अधिक असते, ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी.

शिकारीचा परवाना, हंगाम आणि कोणत्या प्राण्यासाठी कोणते टोक चालते, याचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते आधी पाहावेत आणि जिथे शिकारीला बंदी आहे, तिथे ही टोके कुजक्या बुंध्यांवर किंवा मातीच्या ढिगाऱ्यावर नेमबाजी करण्यापुरतीच वापरावीत. त्या कामासाठी ती उत्तमच आहेत.

प्रथम सरावासाठी वापरात असलेल्या टोकाचे वजन पाहावे. बाणाच्या टोकांचे वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. सरावाचे टोक १२५ ग्रेनचे, म्हणजे साधारण ८.१ ग्रॅमचे असेल, तर घरी बनवलेले टोकही तेवढ्याच वजनाचे व्हायला हवे. टोक हलके झाले तर बाणाची दांडी जणू अधिक ताठ झाल्यासारखी वागते, जड झाले तर अधिक लवते, आणि दोन्ही वेळा बाण ठरलेल्या जागी लागत नाही. त्यामुळे एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे हत्यार आहे, असे मी म्हणेन.

वॉशरचे टोक

ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या दांडीत पेचाचे टोक बसवायची सोय असेल, तर सर्वांत सोपा मार्ग वॉशरचा. अशा टोकाच्या पेचाच्या आणि डोक्याच्या मध्ये एक गुळगुळीत मान असते. तिची जाडी ५ मिलिमीटरहून किंचित जास्त भरते, म्हणून ४ मिलिमीटरच्या बोल्टचा वॉशर तिच्यावर चढत नाही. ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी मिळणारा रुंद वॉशर घ्यावा. त्याचे भोक ५.३ मिलिमीटर, बाहेरचा व्यास १५ मिलिमीटर आणि वजन सुमारे दीड ग्रॅम, म्हणजे २२-२३ ग्रेन असते. १०० ग्रेनच्या टोकामागे असा एक वॉशर घातला, की वजन आपोआप १२५ च्या जवळ येते. इतका सोयीचा योगायोग या कामात दुसरा नाही.

वॉशरच्या कडेवरचे खरखरीत कंगोरे कानशीने घासून काढावेत, तो मानेवर सरकवावा आणि टोक घट्ट आवळावे. टोकाची अणी शाबूत ठेवली तर ती थोडी आत शिरते आणि मग वॉशर तिला अडवतो. मला स्वतःला अणी घासून ४-५ मिलिमीटर व्यासाची सपाट केलेली बरी वाटते, कारण तशा टोकाचा आघात पसरट होतो. घासल्यावर वजन मात्र पुन्हा मोजावे. गवतात बाण अडकावा असे वाटत असेल, तर दातेरी वॉशर वापरावा.

पितळी पुंगळीचे टोक

लाकडी दांडीसाठी .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची रिकामी पुंगळी फार जुन्या काळापासून वापरात आहे, कारण ११/३२ इंच, म्हणजे सुमारे ८.७ मिलिमीटर जाडीच्या दांडीवर ती थोड्याच फटीने बसते. काही ठिकाणी रिकामी पुंगळी बाळगण्यावरही निर्बंध असतात. तसे असल्यास तितक्याच आतल्या व्यासाची, एका बाजूने बुजवलेली पितळी नळी घ्यावी. पुंगळी घेतलीच तर ती झाडलेली आहे याची खात्री करावी: तळाशी असलेल्या छोट्या टोपीवर ठोक्याचा स्पष्ट खळगा दिसला पाहिजे. खळगा नसलेल्या पुंगळीला हात लावू नये, ती तापवू नये, तिच्यात खिळा ठोकू नये. झाडलेल्या पुंगळीतही शिशाचा अंश राहतो, म्हणून ती साबणाच्या पाण्यात धुवावी, वाळवावी आणि मागाहून हातही धुवावेत.

रिकामी पुंगळी जेमतेम ४.३ ग्रॅमची, म्हणजे ६७ ग्रेनच्या आसपास असते. १२५ ग्रेन हवे असतील तर आणखी पावणेचार ग्रॅम आत भरावे लागतात. त्यासाठी खिळ्यांचे बारीक तुकडे किंवा पोलादी छर्रे काट्यावर मोजून तळाशी टाकावेत आणि वरून इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) ओतावे. सुमारे १ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरले तरी दांडीसाठी दीड सेंटिमीटरची जागा उरते. इपॉक्सीचेही वजन असते, म्हणून तुकडे किंचित कमीच टाकावेत. हे भरणे पुंगळी उभी ठेवून पूर्ण सुकू द्यावे.

मग दांडीचे टोक काटकोनात कापावे. पुंगळी तळाकडे आतून निमुळती होत जाते, त्यामुळे दांडीची कड पॉलिश पेपरने हलकेच घासावी लागते. पुंगळीच्या आतली भिंतही थोडी खरवडून घ्यावी, म्हणजे गोंद धरतो. गोंद लावून दांडी गोल फिरवत आत ढकलली, की तोंडाशी गोंदाचे एक पातळ कडे उमटते. ते चारही बाजूंनी सारखे उमटले, तर पुंगळी मधोमध बसली असे समजावे. एका बाजूला जाड दिसले, तर गोंद ओला असतानाच दाबून सरळ करावी, कारण नंतर ते जमत नाही. पुसून टाकण्याआधी हे पाहावे.

तपासणी आणि वापर

गोंद पूर्ण वाळल्यावर बाण दोन बोटांच्या नखांवर आडवा ठेवून दुसऱ्या हाताने फिरवावा. नखाला बारीक थरथर जाणवली, तर टोक वाकडे आहे. अशा बाणाने दहा पावलांवरही नेम साधत नाही. सगळे बाण तोलून जे एकमेकांपासून ५ ग्रेनपेक्षा जास्त दूर आहेत, ते वेगळे काढावेत.

रुंद टोकाचा एक धोका सहज विसरला जातो. दोरी पूर्ण ताणलेली असतानाही टोक धनुष्याच्या मुठीपुढे किमान अडीच सेंटिमीटर राहिले पाहिजे. नाहीतर ते बाणाच्या टेकूवर किंवा धनुष्य धरलेल्या बोटांवर अडकते. शंका असेल तर दांडी लांब घ्यावी.

सराव मऊ वाळूच्या ढिगाऱ्यावर करावा, कारण बोथट टोक दगडावर किंवा ओल्या लाकडावर आपटून थेट माघारी येऊ शकते. शिकारीत अंतर १५ ते २० मीटरच्या पुढे नेऊ नये आणि सशापेक्षा मोठ्या जनावरावर हे टोक वापरू नये. आघात तिथे पुरा पडत नाही आणि जनावर हालहाल होऊन मरते. झाडावरच्या लक्ष्यासाठी मोठ्या, न कातरलेल्या पिसांचा बाण घ्यावा. पिसे हवा धरतात आणि चुकलेला बाण फार दूर जात नाही.

प्रत्येक कठीण आघातानंतर दांडी कानाशी धरून थोडी वाकवावी. कार्बनची असेल तर आधी हातमोजा घालावा, कारण तिची कूस बोटात शिरली की सहजासहजी निघत नाही. बारीकसा करकर आवाज आला, तर टोक काढून घ्यावे आणि दांडी तिथेच मधोमध मोडून टाकावी, म्हणजे ती चुकून पुन्हा भात्यात जाणार नाही.