कोकणातल्या परसात ऑर्पिंग्टन कोंबडी सांभाळताना

ऑर्पिंग्टन ही मूळची इंग्लंडमधली जात. केंट परगण्यातल्या ऑर्पिंग्टन गावी विल्यम कूक यांनी १८८६ मध्ये मिनोर्का, लँगशान आणि प्लिमथ रॉक या जातींच्या संकरातून काळी ऑर्पिंग्टन तयार केली. आज सर्वांच्या परिचयाची असलेली पिवळसर बदामी रंगाची ऑर्पिंग्टन त्यानंतर काही वर्षांनी, १८९४ मध्ये आली. अंडी आणि मांस या दोन्हींसाठी घडवलेली ही जात आता मुख्यतः देखणेपणासाठी आणि शांत स्वभावासाठी पाळली जाते. कोंबडा सुमारे चार किलोंचा आणि कोंबडी सुमारे तीन किलोंची भरते, पण दाट मऊ पिसांमुळे दोघेही त्याहून पुष्कळ मोठे दिसतात. ती पिसे इंग्लंडच्या थंडीसाठी आहेत. आपल्याकडचा वैशाख आणि आपला चार महिन्यांचा पाऊस ही दोन्ही या पिसाऱ्याची कसोटी असते, आणि म्हणून कोकणात ऑर्पिंग्टन पाळायची तर पक्षी घरी आणण्याआधी सावली, वारा आणि कोरडी जागा यांचा विचार करावा लागतो.

पक्षी विकत घेताना पाय पाहावेत. शुद्ध ऑर्पिंग्टनच्या पायांवर पिसे नसतात, तुरा एकेरी आणि मध्यम असतो, कानाची पाळी लाल असते. बदामी जातीचे पाय पांढरट गुलाबी असतात. ते पिवळेधमक दिसले तर मिश्रण आहे असे समजावे. ब्रह्मा किंवा कोचीन जातीची, पायांवर झुपकेदार पिसे असलेली पिल्लेही या नावाने विकली जातात. ते पक्षी वाईट नव्हेत, पण आपण काय घेत आहोत हे माहीत असलेले बरे. कोंबडी एकटी राहत नाही, तेव्हा निदान तीन माद्यांपासून सुरुवात करावी. घरे जवळजवळ असलेल्या वाडीत कोंबडा न ठेवणेच शेजारधर्माला धरून होईल, कारण अंडी मिळण्यासाठी त्याची गरज नसते. नवे पक्षी आणले की तीन ते चार आठवडे जुन्यांपासून वेगळे ठेवावेत.

खुराडे दर पक्ष्यामागे आत निदान चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला दहा चौरस फूट या हिशेबाने बांधावे. जांभा दगड पाणी शोषतो, म्हणून दीड फूट उंचीचे जोते घालून त्यावर गुडघ्याएवढी चिऱ्याची भिंत आणि तिच्या वर जाळी, ही रचना मला सर्वांत सोयीची वाटते. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्यावी. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगूस, उदमांजर किंवा घोरपड यांना बाहेर ठेवू शकत नाही, आणि ऑर्पिंग्टन इतकी जड आणि संथ असते की गावठी कोंबडीसारखी ती झाडावर उडून जीव वाचवू शकत नाही. जाळीचा खालचा काठ जमिनीत फूटभर पुरावा आणि दाराला उचकटता न येणारी कडी घालावी. छप्पर कौलांचे असल्यास उत्तम. पत्राच असेल तर त्यावर झावळ्यांचा किंवा पेंढ्याचा जाड थर घालावा, कारण एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्याखाली हा पक्षी टिकत नाही.

हे मी अनुभवावरून लिहितो. पहिल्याच वर्षी मे महिन्यात माझी एक बदामी कोंबडी पत्र्याखालच्या पेटीत खुडूक बसली होती. खुडूक कोंबडी दाणापाण्यालाही क्वचितच उठते, हे मला ठाऊक होते, तरी दुपारी जाऊन पाहण्याचे माझ्याकडून राहून गेले. संध्याकाळी ती चोच उघडी, पंख पसरलेले, अशी पेटीतच मेलेली सापडली. तेव्हापासून मे महिन्यात मी एकाही कोंबडीला अंड्यांवर बसू देत नाही.

उन्हाळ्याची काळजी का घ्यावी लागते, याचे कारण समजून घेतले की उपाय आपोआप सुचतात. कोंबडीला घाम येत नाही; ती धापा टाकून तोंडातल्या ओलाव्याची वाफ करते आणि अंग थंड ठेवते. किनारपट्टीच्या दमट हवेत ही वाफ नीट होत नाही, त्यामुळे घाटावर सदतीस-अडतीस अंशांत जी कोंबडी तग धरते ती आपल्याकडे चौतीस अंशांतच बेजार होते. पंख अंगापासून दूर धरलेले, चोच उघडी, तुरा फिका पडलेला, ही लक्षणे दिसली की तिला उचलून वाऱ्याच्या सावलीत न्यावे आणि तिचे पाय व पोटाखालचा भाग साध्या गार पाण्यात काही मिनिटे बुडवावा. वरून पाणी शिंपडून उपयोग होत नाही, कारण पाणी पिसांवरून निथळून जाते आणि कातडीपर्यंत पोहोचतच नाही. बर्फाचे पाणीही वापरू नये.

एरवी या दिवसांत खाद्य पहाटे आणि तिन्हीसांजेला द्यावे, कारण पचनानेही अंगात उष्णता वाढते. पाणी मातीच्या परळात ठेवून दिवसातून तीनदा बदलावे. फणसाच्या किंवा आंब्याच्या सावलीत एक उथळ परात दोन बोटे पाणी भरून ठेवली की कोंबड्या तिच्यात उभ्या राहतात. कलिंगडाच्या साली त्यांना मनापासून आवडतात.

मृगाच्या आधी घराची शाकारणी करतो त्याच वेळी खुराड्याचीही करावी. नैर्ऋत्येकडून आलेली झड थेट आत शिरते, म्हणून दक्षिण आणि पश्चिम अंगाला विणलेली झापे बांधावीत; मात्र वरचे वीतभर अंतर मोकळे ठेवावे, म्हणजे हवा खेळती राहील. जमिनीवर भातगिरणीतल्या तुसाचा चार ते सहा इंच थर घालून तो रोज उकरावा. मूठभर तूस दाबून पाहिल्यावर गोळा झाला, किंवा खाली वाकताच नाकाला अमोनियाचा वास झोंबला, तर तो थर त्याच दिवशी काढावा. पावसात ऑर्पिंग्टनचे खरे दुखणे मात्र मागच्या बाजूला असते. शेपटीखालची दाट लव विष्ठेने माखते, वाळत नाही, त्यावर माशा अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या कातडी पोखरू लागतात. म्हणून आषाढ लागण्याआधी तिथली पिसे कात्रीने बोटाच्या पेराएवढी आखूड करावीत आणि दर दोन दिवसांनी शेपूट वर करून नजर टाकावी.

खाद्याबाबत फारसे अवघड काही नाही. पहिले आठ आठवडे पिल्लांचे तयार खाद्य, पुढे वाढीचे, आणि अंडी सुरू झाल्यावर सोळा ते सतरा टक्के प्रथिनांचे लेअर खाद्य द्यावे. मोठ्या कोंबडीला दिवसाला सुमारे सव्वाशे ते दीडशे ग्रॅम पुरते. भाताची कणी, नाचणी, शेवग्याचा पाला हे वरखाद्य म्हणून ठीक, पण या जातीला चरबी लवकर चढते, तेव्हा हात राखूनच. तिसऱ्यांच्या धुऊन वाळवून कुटलेल्या शिंपल्या वेगळ्या वाटीत ठेवल्या की कवचासाठी लागणारा चुना मिळतो. सुकट द्यायची तर खारवलेली देऊ नये, मीठ कोंबड्यांना बाधते. पावसाळ्यात खाद्य पंधरा दिवसांपुरतेच आणावे आणि झाकणाच्या पिंपात, फळीवर ठेवावे. कुबट वास आलेली पेंड किंवा मका सरळ फेकून द्यावा, कारण बुरशीचे विष यकृतावर जाते आणि ते उन्हात वाळवून नाहीसे होत नाही.

गावात गावठी कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि त्यांच्यातून मानमोडी (राणीखेत) हा रोग पसरतो. यावर उपचार नाही, लसच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा तोच, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याच रोगाची आर-टू-बी लस टोचून घ्यावी. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात देतात. लसीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची येते आणि फोडल्यावर लगेच संपवावी लागते. त्यामुळे वाडीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच दिवशी गोळा करून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फात लस आणणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. शेजारच्या काकूंच्या कोंबड्या निरोगी राहिल्या तरच आपल्या राहतात. उवा-पिसवांसाठी चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून एका खोक्यात, छपराखाली ठेवावी. कोंबड्या तिच्यात स्वतःहून लोळतात.

ऑर्पिंग्टन साधारण सहा ते सात महिन्यांची झाली की फिकट तपकिरी अंडी घालू लागते आणि वर्षाला दीडशेच्या पुढे अंडी देते, मात्र मध्येच वारंवार खुडूक बसते. खुडूक मोडण्यासाठी तिला पाण्यात बुचकळण्याची जुनी पद्धत मला क्रूर वाटते. तळाला जाळी असलेल्या, खालून वारा लागेल अशा पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवले की ती उठते. पिल्ले हवीच असतील तर दिवाळीनंतर बसवावी. एकविसाव्या दिवशी अंडी फुटतात आणि पिल्ले वर्षातल्या सर्वांत कोरड्या, गार दिवसांत वाढतात. ही आई इतकी मायाळू असते की दुसरीची पिल्लेही पंखाखाली घेते.

पिल्ले रोज हातात घेतली तर मोठेपणी ती हाक मारताच धावत येतात आणि मुलांच्या मांडीवर निवांत बसतात. उचलताना एक तळहात छातीखाली, दुसरा पंखांवर ठेवायला मुलांना शिकवावे, आणि नंतर साबणाने हात धुवायलाही. मी संध्याकाळी पडवीच्या पायरीवर एकेकीला मांडीवर घेऊन तळवे पाहतो. उंचावरून उडी मारली की या जड पक्ष्याच्या तळव्याला इजा होते आणि तिथे काळी खपली धरून आत गळू होते, म्हणून बसायची दांडी फूट-दीड फुटापेक्षा उंच नसावी. तळवे पाहून होईपर्यंत बहुतेक वेळा कोंबडीचे डोळे मिटलेले असतात, आणि मग तिला तशीच उचलून अंधारात दांडीवर नेऊन ठेवतो.