कमानी तळघराच्या दरजांत सिमेंट नको

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या खेड्यांत मध्ययुगीन घराखाली दगडी कमानीचं तळघर असेल आणि दगडांमधल्या दरजा (सांधे) भुसभुशीत झाल्या असतील, तर त्या चुन्यानेच भरा. सिमेंट ओल अडवतं. मग ती ओल मऊ चुनखडीच्या दगडातून बाहेर पडते आणि दगडाचेच पापुद्रे सुटतात.

सैल मसाला हातोडी-छिन्नीने 2-3 सेंमी खोल काढा. पण एका वेळी थोडाच भाग घ्या. कमानीचे दगड एकमेकांच्या दाबावर उभे असतात, सगळ्या दरजा एकदम मोकळ्या केल्या तर दगड निसटतो. दगड हलत असेल तर आधी खाली टेकू द्या. दरज ओली करून 1 भाग नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याशी मिळून घट्ट होणारा) चुना आणि अडीच-तीन भाग वाळूचा घट्ट मसाला ठासून भरा. काम गोठणाऱ्या थंडीत करू नये.

जमिनीवर काँक्रीट ओतू नका, खालची ओल भिंतींत चढते, खडी पसरा. झरोके कधीच कायमचे बुजवू नका. मात्र उन्हाळ्यात ते रात्रीच उघडा, कारण दुपारची गरम दमट हवा साधारण 12 अंशांच्या दगडाला लागली की कमानीला घाम फुटतो.