अमूर्त चित्रासमोर ‘हे काय आहे?’ विचारू नका

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश फुकट, त्यामुळे काळा घोड्याला गेलो की डोकवायचं, दहा मिनिटांत वीस चित्रं उरकायची आणि ‘आपल्याला यातलं काही कळत नाही बुवा’ म्हणत बाहेर पडायचं. त्यापेक्षा एकच अमूर्त चित्र निवडा, म्हणजे ज्यात ओळखीची वस्तू किंवा माणूस दिसत नाही असं. शेजारची पाटी आधी वाचू नका. पाच मिनिटं उभे राहा. दुसऱ्याच मिनिटाला कंटाळा येईल, येऊ द्या. मग अगदी जवळ जा (हात मात्र पाठीमागे!) आणि रंग कसा लावलाय ते बघा: ब्रशने, सुरीने, की पुसून-खरवडून?

चित्रकार वासुदेव गायतोंडे (1924–2001) रोलर आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या सुरीने) रंगांचे थर चढवत, काढत. लांबून धुकं वाटतं. जवळ गेलं की थराखालचा थर दिसू लागतो. त्यात डोंगर किंवा चेहरा शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘अॅब्स्ट्रॅक्ट’ (अमूर्त) हा शब्दही त्यांना पसंत नव्हता.

जहांगीरमध्ये चित्रकार बहुतेकदा तिथेच बसलेला असतो. ‘अर्थ काय?’ विचारलंत तर दोघंही अवघडाल. ‘आधी कुठला रंग लावलात?’ असं विचारा. मग तोच तुम्हाला चहा होईपर्यंत सोडत नाही.