नवजात उंदरांवरचा शोधनिबंध सेमिनारसाठी कसा वाचायचा

एम.एस्सी.च्या सेमिनारचे विषय वाटले की कुणाच्या तरी वाट्याला नवजात उंदरांच्या रोगप्रतिकारशक्तीवरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, येतोच. मग निफाड-सिन्नरहून एसटीने येणारी पोरं स्टाफरूमच्या दाराशी घुटमळायला लागतात. "मॅडम, पेपर डोक्यावरून जातोय." हातात बघावं तर कॉलेज रोडवरून झेरॉक्स केलेला नुसता गोषवारा! पोरांनो, गोषवाऱ्यावर सेमिनार होत नाही. अख्खा पेपर काढा, पेन्सिल घ्या आणि बसा.

उदाहरणाला मी नेहमी एकच पेपर घेते. अमेरिकेत मेम्फिसला सेंट ज्यूड रुग्णालय आहे, तिथल्या गटाचा, २०१८ सालचा. विषय इन्फ्लुएंझा (म्हणजे फ्लू), नवजात उंदरांची फुप्फुसं आणि गॅमा-डेल्टा टी पेशी. टी पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, आणि गॅमा-डेल्टा हा त्यांचा एक प्रकार.

निष्कर्षाकडे धावू नका. आधी पद्धतीच्या भागात जाऊन पिल्लांचं वय शोधा आणि त्याखाली रेघ मारा. उंदरीण साधारण वीस दिवसांत विते. जन्मलेलं पिल्लू जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅमचं, गुलाबी, बिनकेसाचं, डोळे मिटलेलं. कातडी इतकी पातळ, की प्यालेलं दूध पोटात पांढऱ्या डागासारखं बाहेरून दिसतं. डोळे उघडायला बारा-चौदा दिवस लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या प्लीहेत (पाणथरीत) टी पेशी अगदी तुरळक असतात. म्हणून माणसाच्या नवजात बाळाशी तुलना करायची तर बरेच जण साधारण सात दिवसांचं पिल्लू धरतात. एक दिवसाचं आणि दोन आठवड्यांचं पिल्लू म्हणजे रोगप्रतिकाराच्या हिशेबात दोन वेगळे प्राणी. जुलाबाचा विषाणू रोटाव्हायरसच घ्या ना. पिल्लांना त्याने जुलाब होतात ते साधारण पहिल्या दोन आठवड्यांतच. पुढे संसर्ग झाला तरी जुलाब होत नाहीत.

वयानंतर मात्रा बघा, म्हणजे विषाणू किती दिला आणि कुठून दिला. ही ओळ सगळे गाळतात आणि परीक्षक नेमकी तीच विचारतात. मात्रेने काय फरक पडतो ते ऐका. १९५३ साली शास्त्रज्ञ पीटर मेडावर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उंदराच्या गर्भात परक्या जातीच्या उंदराच्या पेशी सोडल्या तर मोठेपणी तो उंदीर त्या परक्या जातीच्या कातडीचं कलम मुकाट्याने स्वीकारतो. तेव्हापासून नवजात शरीर प्रतिकार करतच नाही, सहन करतं, ही समजूत घट्ट बसली. ती हलली १९९६ मध्ये. 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात तीन गटांचे पेपर आले. त्यातल्या एकात उंदरांच्या एका रेट्रोव्हायरसची मात्रा अगदी कमी ठेवली, तर नवजात पिल्लांतही विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या टी पेशी व्यवस्थित तयार झाल्या. मात्रा भरमसाट दिली तेव्हा ते संरक्षण मिळालं नाही. "नवजातांची प्रतिकारशक्ती दुबळी असते" हे वाक्य स्लाइडवर टाकायच्या आधी एवढं आठवा. माझ्यासमोर टाकलंत तर मी थांबवणारच.

आता आलेख. सेंट ज्यूडच्या पेपरात दोन आलेख शेजारी ठेवून वाचायचे. पहिला जगण्याचा. ती रेघ पायरीपायरीने उतरते, आणि प्रत्येक पायरी म्हणजे मेलेली पिल्लं. गॅमा-डेल्टा टी पेशी नसलेल्या पिल्लांत मृत्यू जास्त. इथवर वाचून सगळे म्हणतात, "म्हणजे या पेशी विषाणू मारतात." थांबा, दुसरा आलेख बघा, फुप्फुसातल्या विषाणूचा. त्याचा उभा अक्ष लॉगचा असतो, एकेक खूण दहापटीची, त्यामुळे डोळ्यांना फसू नका. तिथे दोन्ही गटांत विषाणू सारखाच हटतोय. इंटरफेरॉन-गॅमा हे विषाणूविरोधी संदेश देणारं प्रथिनही तेवढंच. मग पिल्लं वाचली कशाने?

डागडुजीने. गोदावरीचा पूर ओसरला तरी सराफ बाजारातला गाळ उपसायला माणसं लागतातच, तसंच हे. फुप्फुसात इंटरल्युकिन-१७ए बनवणाऱ्या गॅमा-डेल्टा पेशी जमतात. इंटरल्युकिन म्हणजे पेशींनी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडलेली प्रथिनं. त्यांच्या जोडीने फुप्फुसाच्या अस्तरातल्या पेशी इंटरल्युकिन-३३ सोडतात. त्यामुळे 'गट-२' नावाच्या प्रकारातल्या जन्मजात लसिका पेशी (प्रतिकाराच्याच पेशी) आणि प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी तिथे येतात, अँफिरेग्युलिन नावाचं प्रथिन वाढतं आणि फाटलेलं अस्तर सांधलं जातं. ही साखळी फळ्यावर, खडूने, कागद न बघता काढता आली पाहिजे. येत नसेल तर स्लाइड करायला बसूच नका.

आईला विसरू नका. उंदराचं पिल्लू दूध तुटेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे, आईच्या दुधातली आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं (रोगजंतूंना चिकटणारी प्रथिनं) आतड्यातून रक्तात ओढून घेतं. माणसाच्या बाळाला ती मुख्यतः वारेतून मिळतात, त्यातही बरीचशी शेवटच्या तिमाहीत. म्हणून वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला कमी येतात. तेव्हा कुठलाही पेपर असो, आईला तो विषाणू आधी होऊन गेला होता का आणि तुलनेची पिल्लं एकाच वेताची होती का, हे शोधा. सापडलं नाही, तर सेमिनारमध्ये तसं सरळ म्हणा. त्याचे गुण मिळतात.

माणसावर उडी मारताना हात आखडता घ्या. त्या पेपरात इन्फ्लुएंझा झालेल्या मुलांच्या नाकातले स्रावही तपासलेत. इंटरल्युकिन-१७ए जास्त असलेल्या मुलांची तब्येत तुलनेने बरी राहिली. पण हा संबंध आहे, कारण नव्हे. घरी आजी विचारेल, "मग बाळाला काय द्यायचं?" या पेपरातून काहीच नाही. फ्लूची लस सहा महिन्यांखालच्या बाळाला देत नाहीत. ती गरोदरपणी आईने घ्यायची, म्हणजे तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात. आजीला एवढंच सांगा आणि पुढचं डॉक्टरांवर सोपवा.

मांडणीचं फार काही नाही. फ्लो सायटोमेट्रीचे, म्हणजे पेशी एकेक करून मोजणाऱ्या तंत्राचे, ठिपक्यांचे चौकोन सगळे डकवू नका. एकच ठेवा आणि त्यातला कुठला कोपरा म्हणजे कुठली पेशी, ते बोट ठेवून सांगा. विषाणूचा आलेख मात्र गाळू नका. "या पेशींनी विषाणू कमी झाला का?" हा प्रश्न येणारच, आणि "नाही" म्हणून तुम्हाला तोच आलेख पुन्हा पडद्यावर आणायचाय.