रस्टमध्ये व्हेरिएबल घोषित करताना या चुका टाळा

सी ही प्रोग्रामिंग भाषा शिकून रस्ट या दुसऱ्या भाषेकडे वळलेल्या विद्यार्थ्याला पहिली ठेच बहुधा एकाच जागी लागते: नुसत्या लेट (let) या कीवर्डने घोषित केलेल्या व्हेरिएबलला एकदा दिलेली किंमत नंतर बदलता येत नाही. समजा, सोलापूरच्या चाटी गल्लीतील एखाद्या दुकानासाठी दिवसभरात खपलेल्या चादरींची बेरीज करायची आहे. लूपच्या आधी ‘लेट एकूण = ०’ आणि लूपमध्ये ‘एकूण = एकूण + नग’ असे लिहिले, की कंपायलर ई०३८४ ही एरर देतो. (२०२१ मधील १.५३ आवृत्तीपासून व्हेरिएबलची नावे खरोखरच देवनागरीत ठेवता येतात.)

खरी चूक होते ती यानंतर. एररचा मजकूर न वाचता लूपमधील ओळीलाही लेट जोडले, की एरर जाते, प्रोग्राम चालतो आणि शेवटी बेरीज म्हणून शून्य छापले जाते; कारण प्रत्येक फेरीत ‘एकूण’ नावाचे दुसरेच व्हेरिएबल तयार होऊन महिरपी कंस संपताच नाहीसे होते आणि बाहेरचे मूळ व्हेरिएबल आहे तसेच राहते. यालाच शॅडोइंग म्हणतात. आतील व्हेरिएबल कोठेही वापरलेले नाही, अशी वॉर्निंग कंपायलर देतो खरा. पण पडताळणीसाठी ते लूपमध्येच छापले, तर तीही मिळत नाही. बाहेर ‘लेट म्यूट एकूण’ लिहावे (म्यूट, म्हणजे mut, लावले की किंमत बदलता येते) आणि आतील लेट काढून टाकावे. शॅडोइंग मुळात वाईट नाही. कीबोर्डवरून आलेली स्ट्रिंग (मजकूर) संख्येत बदलून त्याच नावाने ठेवणे सोयीचेच असते. मात्र भीतीपोटी सरसकट सगळीकडे म्यूट लावू नये.

टाइप (किमतीचा प्रकार) निवडताना नगांची संख्या लहान असते म्हणून यू८ (u8) हा आठ बिटांचा टाइप घेण्याचा मोह होतो, परंतु त्यात २५५ पर्यंतच मावते. सकाळचे २०० आणि संध्याकाळचे १०० नग इनपुटमधून घेऊन मिळवले, तर डीबग बिल्डमध्ये (चाचणीसाठीच्या) प्रोग्राम पॅनिक होऊन, म्हणजे एरर दाखवून, थांबतो, तर नेहमीच्या सेटिंगच्या रिलीज बिल्डमध्ये (प्रत्यक्ष वापरासाठीच्या) मुकाट्याने ४४ हे उत्तर येते. दुसरा प्रकार दुकानदाराला अधिक महाग पडेल. येथे यू३२ (u32) हा ३२ बिटांचा टाइप वापरावा आणि मर्यादा ओलांडण्याची शक्यता उरत असेल, तर बेरीज मावत नसल्यास तसे कळवणारे चेक्ड_ॲड (checked_add).

कॉन्स्टला (const, म्हणजे कायमच्या किमतीला) टाइप लिहावाच लागतो. न वापरलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग घालवण्यासाठी नावाआधी अंडरस्कोअर लावता येतो. पण म्युटेक्सचा (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा वापरू देणाऱ्या साधनाचा) लॉक घेताना नुसता अंडरस्कोअर लिहिल्यास तो लॉक त्याच ओळीत सुटतो, म्हणून तेथे ‘_गार्ड’ असे पूर्ण नाव द्यावे.