घडीची बोट निवडताना: बडोदेकरांसाठी काही हिशेब

बडोद्यात घडीच्या बोटीची चौकशी करणारे साधारण दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिल्यांना सुट्टीच्या दिवशी नर्मदेवर किंवा महीवर स्वतःची बोट घेऊन जायचे असते. दुसऱ्यांच्या मनात ऑगस्ट 2024 चा पूर असतो. त्या पुरात विश्वामित्रीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर मजल मारली, तळमजल्यावरची घरे पाण्यात गेली, मगरी वस्तीत शिरल्या, आणि तेव्हापासून आपल्या सोसायटीची एक तरी बोट असावी असे त्यांना वाटते. या दोघांच्या गरजा इतक्या भिन्न आहेत की एकाला योग्य ठरणारी बोट दुसऱ्याच्या फारशा उपयोगाची नसते. जाहिरातीत मात्र दोघांनाही डिकीतून निघणारी तीच पिशवी आणि दहा मिनिटांत पाण्यावर उतरणारी तीच बोट दाखवली जाते. बोट पाण्यावर कशी चालते हे नंतर पाहावे. घराच्या माळ्यापासून काठापर्यंत आणि काठापासून पुन्हा माळ्यापर्यंत ती कशी जाणार, हे आधी ठरवावे, कारण बहुतेक घडीच्या बोटी पडून राहतात त्या या वाटेमुळेच.

ज्या बोटीचा तळ कडक असतो आणि भोवती हवेच्या नळ्या असतात तिला रिब म्हणतात. 1960 च्या दशकात वेल्समधील अटलांटिक कॉलेजात रिअर ॲडमिरल डेस्मंड होर यांनी विद्यार्थ्यांच्या साथीने ही रचना विकसित केली आणि तिचे हक्क नाममात्र 1 पौंडाला देऊन टाकले. ब्रिटनच्या किनारी बचाव संस्थेने पुढे ‘अटलांटिक’ हेच नाव आपल्या बोटींच्या एका वर्गाला दिले. कडक तळाला मध्ये उतरता आकार देता येतो, त्यामुळे बोट लाटा कापत सरळ जाते, वाऱ्याने कमी भरकटते आणि खडी-वाळूवर टेकली तरी कापड फाटण्याची भीती राहत नाही. घडीच्या रिबमध्ये हाच तळ आडवा कापून दोन किंवा तीन तुकड्यांत करतात, तुकडे बिजागरीने किंवा लवचीक सांध्याने जोडतात आणि भोवतालच्या नळ्या फुगवल्या की त्यांच्या ताणाने तुकडे एका रेषेत ताठ बसतात. म्हणजे या बोटीचा ताठपणा नळीतल्या दाबावर अवलंबून असतो. दाब कमी पडला की सांध्याजवळ तळ हलतो आणि ते पायाखाली लगेच जाणवते.

येथे खरेदीदाराने एक फरक नीट समजून घ्यावा. काही विक्रेते ज्या बोटीला घडीची रिब म्हणतात तिचा तळ मुळीच दुमडत नाही. इंजिन ज्या मागच्या आडव्या फळीवर बसते ती ट्रान्समची फळी तेवढी आत झोपते, म्हणजे बोटीची उंची कमी होते पण लांबी पूर्ण राहते. अशी बोट मोठ्या यॉटच्या डेकवर ठेवायला उत्तम आहे. कारेलीबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती नेणार कशी? खरोखर तळ दुमडणाऱ्या रिबचीही लांबीच घटते, रुंदी फारशी घटत नाही. म्हणून छापील मापांवर न थांबता दुमडलेल्या बोटीच्या मापाचा पुठ्ठा कापावा आणि तो लिफ्टच्या दारातून, जिन्याच्या वळणावरून आणि गाडीच्या मागच्या दारातून नेऊन पाहावा. हॅचबॅकमध्ये बहुतेक वेळा तो मावत नाही, आणि मग टपावर कॅरिअर बसवणे आलेच.

आता इतर पर्याय. सर्वांत प्रचलित आहे ती पूर्ण हवेची बोट. तिचे मुख्य प्रकार तळावरून ठरतात. फळ्यांच्या पट्ट्यांचा तळ असलेली बोट सतरंजीसारखी गुंडाळता येते. ती सर्वांत हलकी, पण तळ नरम आणि इंजिनासाठी मर्यादित. प्लायवूड किंवा ॲल्युमिनियमच्या सुट्या फळ्यांचा तळ कडक असतो, मात्र त्या फळ्या बसवताना बोटे चेमटतात आणि वाळूचे कण अडकले की शेवटची फळी बसता बसत नाही. तिसरा प्रकार हवेच्या ताठ तळाचा. त्यात वरच्या आणि खालच्या थरांना हजारो दोरे जोडलेले असतात, त्यामुळे 0.7 ते 0.8 बार दाबाला तो फुगून बसण्याऐवजी फळीसारखा सपाट ताठ होतो. बाहेरच्या नळ्यांना साधारण 0.2 ते 0.25 बार एवढाच दाब लागतो. ज्यांना वर्षातून मोजक्या वेळा शांत पाण्यावर दोघा-तिघांनी जायचे आहे त्यांनी, माझ्या मते, हवेच्या ताठ तळाच्या बोटीपासूनच विचार सुरू करावा आणि तिच्यात काय कमी पडते हे सांगता आले तरच घडीच्या रिबकडे वळावे.

पॉलिप्रोपिलीनच्या पत्र्यांची घडीची बोट, जिचे पोर्टा-बोट हे जुने उदाहरण आहे, हवेवर अवलंबूनच नसते. मिटल्यावर ती साधारण 10 सेंटिमीटर जाडीची लांब फळी होते आणि भिंतीला टेकवून ठेवता येते. ती वल्ह्यांनी हवेच्या बोटीपेक्षा पुष्कळच चांगली चालते आणि तिला काटा टोचत नाही. परंतु लांबी कमी होत नसल्याने ती टपावरूनच न्यावी लागते आणि नवख्याला ती पहिल्यांदा उघडणे जड जाते. घडीचे कयाक, म्हणजे बसून वल्हवायची अरुंद होडी, हा वेगळा विषय आहे. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेले क्लेपर कयाक जर्मनीत 1907 पासून बनू लागले आणि 1956 मध्ये हानेस लिंडेमान यांनी तशाच कयाकमधून अटलांटिक महासागर पार केला, तेव्हा घडीचे म्हणजे कमकुवत असा समज धरू नये. पण कयाकमध्ये माणूस पाण्याच्या जवळपास पातळीवर बसतो, आणि मगरींच्या पाण्यात त्याचा विचारही करू नये.

वजनाचा हिशेब करताना बहुतेक जण एकूण आकडा पाहतात, तर खरा आकडा असतो सर्वांत जड एका नगाचा. तीन मीटरच्या आसपासची पट्ट्यांच्या किंवा हवेच्या तळाची बोट साधारण 20 ते 30 किलोंची असते, फळ्यांच्या तळाची 40 ते 50 ची, आणि घडीची रिब बऱ्याचदा 40 ते 60 किलोंच्या पट्ट्यात येते. फळ्यांच्या बोटीचे ओझे दोन पिशव्यांत विभागता येते. घडीच्या रिबचा तळ मात्र एकच नग असतो. चाणोदला घाटाच्या पायऱ्या उतरून नर्मदेपर्यंत जायचे असेल तर 25 किलोंची पिशवी एक माणूस थांबत थांबत नेईल, पण 50 किलोंच्या रुंद तळाला दोन माणसे लागतील आणि परत चढताना तो ओला व जड असेल. उलट जेथे गाडी थेट काठापर्यंत जाते आणि काठ खडीचा आहे, तेथे हेच वजन खुपत नाही आणि कडक तळाचा पूर्ण लाभ मिळतो.

काठाबद्दल आणखी एक गोष्ट, जी परदेशी माहितीपत्रकांत कधीच सापडत नाही. गुजरातच्या नदीकाठांवर गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेला असतो आणि त्याचे वाळलेले काटे वाळूत लपून राहतात. हवेची बोट थेट जमिनीवर पसरून फुगवणे म्हणजे काट्याला आमंत्रणच. जाड ताडपत्री नेहमी बरोबर ठेवावी, तीही झटकून मगच पसरावी, आणि फुगवलेली बोट ओढत न नेता उचलून पाण्यात ठेवावी. घडीच्या रिबचा तळ काट्याला दाद देत नाही, पण तिच्या नळ्याही कापडाच्याच असतात, हे विसरू नये.

उन्हाचा हिशेब तर बडोद्यात सर्वांत आधी मांडायला हवा. सकाळी 25 अंशांवर नळीत 0.2 बार दाब भरला आणि बोट काठावर तशीच ठेवून तिच्यातली हवा 45 अंशांपर्यंत तापली, तर नळी न ताणता तोच दाब जवळजवळ 0.28 बार होतो. गडद रंगाचे कापड भर उन्हात याहूनही तापते. शिवण सुटण्याचे हे एक हमखास कारण आहे. म्हणून सकाळी दाब थोडा कमी भरावा, बोट सावलीत किंवा पाण्यात ठेवावी आणि पाण्यात थंडावल्यावर दाबमापक लावून उरलेली हवा भरावी. सर्व कप्पे आधी अर्धे आणि मग एकेक करून पूर्ण भरावेत, म्हणजे आतल्या पडद्यांवर एका बाजूने ताण येत नाही. कापडाची निवडही याच उन्हाशी बांधलेली आहे. पीव्हीसी स्वस्त आणि हलके असते, पण ऊन आणि उष्णता त्याला लवकर कडक व चिकट करतात. हायपॅलॉन या नावाने ओळखले जाणारे रबरी कापड उन्हात कितीतरी अधिक टिकते, पण महाग आणि जड असते. बोट दर वेळी आवरून घरात ठेवली जाणार असेल तर चांगल्या जाडीचे आणि उष्णतेने जोडलेल्या शिवणीचे पीव्हीसी पुरेसे आहे. नुसत्या गोंदावर जोडलेली शिवण मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवणे मात्र टाळावे.

इंजिन लावायचे असेल तर वजनात आणखी भर पडते. अडीच अश्वशक्तीचे लहान आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचे इंजिन, साधारण 13 ते 18 किलोंचे असते आणि ते बोट ढकलते, पळवत नाही. बोट पाण्यावर उचलून धावावी असे वाटत असेल तर तीन मीटरच्या बोटीला, तीही एकट्या माणसासह, साधारण 5 ते 6 अश्वशक्ती लागते, म्हणजे 25 किलोंच्या वरचे इंजिन. घडीच्या रिबचा उतरता तळ आपली करामत दाखवतो तो याच वेगाला; वल्ह्यांवर किंवा बॅटरीच्या छोट्या मोटरवर संथ फिरणाऱ्याने त्या तळासाठी जादा पैसे का मोजावेत, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. इंजिन लागले की बोट यांत्रिक ठरते आणि इनलँड व्हेसल्स ॲक्ट, 2021 खाली नोंदणी व विमा यांचा विचार करावा लागतो. आजवा जलाशय सयाजीराव महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला आहे आणि त्यात मगरीही आहेत. तेथे परवानगीशिवाय बोट उतरवण्याचा बेत करू नये. महीच्या खालच्या पट्ट्यात खंभातच्या आखाताची भरती वर चढते, म्हणून तेथे भरतीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय जाऊ नये.

आता सोसायटीच्या बोटीकडे. जरोद येथे तळ असलेली एनडीआरएफची सहावी बटालियन हवेच्या बोटी वापरते हे खरे, पण तेथे प्रशिक्षित माणसे, जोरकस पंप आणि दुरुस्तीची सोय असते. पुराच्या पाण्याखाली कंपाउंडच्या भाल्यासारख्या सळ्या, पत्रे आणि फुटक्या काचा असतात, आणि वीज गेलेल्या रात्री छातीभर पाण्यात अंधारात पंपाची नळी शोधणे सोपे नसते. सोसायटीसाठी घडीची कोणतीच बोट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुहेरी भिंतीची, सपाट तळाची प्लॅस्टिकची किंवा फायबरची बोट घ्यावी, ती तळघरात न ठेवता पहिल्या मजल्याच्या उंचीवर किंवा गच्चीत शेडखाली उलटी बांधून ठेवावी आणि तिला इंजिनाऐवजी लांब बांबू व वल्ही द्यावीत. जागेअभावी हवेचीच घ्यावी लागली तर किमान तीन स्वतंत्र कप्पे, फळ्यांचा तळ आणि दोन हातपंप असल्याशिवाय घेऊ नये.

माणसांच्या संख्येबाबत कोणतीही तडजोड चालणार नाही. 18 जानेवारी 2024 रोजी हरणीच्या तलावात बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका यांचा जीव गेला, ही गोष्ट बडोद्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. बोटीच्या पाटीवर कमाल माणसे, कमाल भार, कमाल इंजिन आणि दाब हे चारही आकडे छापलेले असावेत. हवेच्या बोटींसाठीचे आयएसओ 6185 हे मानक पाटीवर आहे का, ते पाहावे. भारात इंजिन, बॅटरी, पेट्रोल आणि डबे हे सर्व मोजावे. मापाचे लाइफ जॅकेट काठावरच अंगावर चढवून बक्कल लावावे, बोटीत उशाला ठेवू नये.

बोट घरी आल्यावर नदीवर नेण्याआधी गच्चीत तालीम करावी. घरातल्या वजनकाट्यावर प्रत्येक पिशवी मोजावी, मग जोडणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने करून पाहावी आणि घड्याळ लावावे. संध्याकाळी दाब मोजून बोट रात्रभर सावलीत ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे तापमान जवळपास तेच असताना, पुन्हा मोजावा. दुपारचा आकडा उन्हामुळे फसवतो. दाब उतरला असेल तर साबणाचे पाणी आधी व्हॉल्व्हभोवती, मग शिवणींवर लावावे. घडीच्या रिबमध्ये सांध्याच्या फटीत हाताचे बोट फिरवून पाहावे. तेथे वाळू धरली तर ती प्रत्येक घडीला सांधा घासते, म्हणून नर्मदेवरून आल्यावर सर्वांत आधी हीच जागा पाण्याच्या धारेने धुवावी.

शेवटी राहते ती आवराआवर, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ओली बोट पिशवीत भरली की आठवड्यात बुरशी धरते, त्यामुळे येण्याच्या दिवशीच ती अर्धवट फुगवून पंख्याखाली किंवा सावलीत वाळवावी, नळी आणि तळ यांच्या खाचेतली वाळू कोरड्या कुंचल्याने काढावी आणि सैल घडी घालावी. गच्चीतल्या टाकीच्या खोलीत तिला ठेवू नये, कारण तेथे उन्हाळ्यात भट्टी पेटते. माळ्यावर ठेवायची असेल तर झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवावी. उंदरांना पीव्हीसी कुरतडायला आवडते आणि शिवणीजवळचे त्यांचे भोक ठिगळाने सहसा सांधत नाही.